न्हाणी परसातच बरी

«आमचा वाईला सासरचा वाडा आहे. दोन चौकी, दीडशे वर्षांचा तरी असावा. मामंजी गेले त्याला अकरा वर्षं झाली, तेव्हापासून बंदच. पुढे ओट्यावर किराणा दुकान आहे, ते जुने भाडेकरू, तेवढंच काय ते चालू. मागच्या चौकाची परसाकडची बाजू दोन पावसाळ्यांपूर्वी बसली. मी आता बँकेतून निवृत्त झाले आणि मुलाने होमस्टेची कल्पना काढली आहे. पाचगणी-महाबळेश्वरची गर्दी वाईवरूनच जाते. एका कंत्राटदाराने अंदाज दिला आहे: जुना गिलावा काढून सिमेंटचा करायचा, वरच्या मजल्याला स्लॅब, सहा खोल्या, प्रत्येकीला जोडून संडास-बाथरूम, वर टाकी, आणि सगळ्याला ‘हेरिटेज लूक’. धाकटे दीर म्हणतात, विकून मोकळे होऊ. थोरले दीर गेले, त्यांचा मुलगा न्यू जर्सीला असतो, तो फोनवर ‘काकू, तुम्ही ठरवाल ते’ म्हणतो. नणंद म्हणते, पाडू नका. शिवाय एक माणूस नुसत्या सुरूच्या (सुरूच्या झाडाच्या घाटाने कोरलेल्या) खांबांचे रोख पैसे द्यायला तयार आहे. खालच्या भिंतींना हात लावला की पिठासारखं पांढरं लागतं. करावं का? आणि केलं तर कसं? — एक सूनबाई, पुणे»

ताई,

तुम्ही पाठवलेले फोटो मी दोनदा पाहिले. पहिल्यांदा सगळे बघतात तसे खांब पाहिले. छान आहेत. दुसऱ्यांदा दिंडी दरवाजाबाहेरची पायरी पाहिली, आणि मग बाकी फोटो तिच्या हिशेबाने पुन्हा लावले. तुमच्या दिंडीला तीन पायऱ्या असणार. फोटोत दीडच दिसते. उरलेल्या रस्त्यात गेल्या. दर काही वर्षांनी डांबरावर डांबर चढतं, रस्ता उंच होत जातो आणि वाडा आहे तिथेच राहतो. जे जोतं एकेकाळी रस्त्यापेक्षा हातभर वर होतं ते आज त्याच्या बरोबरीला आलं आहे. पावसाचं पाणी आता भिंतीच्या पायाशी उभं राहतं.

तुमच्या हाताला लागणारं पीठ तिथून आलं आहे. त्याला लोणा म्हणतात, तुमच्या मामंजींना शब्द माहीत असणार. जमिनीतलं पाणी भिंतीत चढतं तेव्हा क्षार बरोबर घेऊन चढतं. पाणी भिंतीच्या पृष्ठभागावरून वाळून जातं, क्षार मागे राहतात, त्यांचे खडे होतात आणि ते खडे फुगून गिलावा आतून ढकलतात. म्हणजे लोणा हा भिंतीचा रोग नाही, भिंतीत पाणी येतंय याची ती वर्दी आहे. वर्दी देणाऱ्याचं तोंड बंद करायचं की पाणी थांबवायचं, एवढाच प्रश्न.

कंत्राटदाराचा सिमेंटचा गिलावा तोंड बंद करतो. मातीत रचलेली वीट आणि वर चुन्याचा गिलावा, ही भिंत पाणी पिते आणि सोडते. पावसाळ्यात जरा ओलसर, मार्चपर्यंत कोरडी. तिला सिमेंटचं कवच घातलं की पिणं चालू राहतं, सोडणं बंद होतं. मग पाणी वाट काढत वर वर चढतं. आज ओल कमरेपर्यंत असेल तर तीन-चार वर्षांत खांद्यापर्यंत येते, आणि एके दिवशी तुळईचं टोक जिथे भिंतीत शिरलं आहे तिथे पोचते. सागवान उघड्या हवेत शंभर वर्षं काढतं, पण त्याचं भिंतीतलं टोक सतत ओलं राहिलं तर आतून भुसा होतो आणि बाहेरून कळतही नाही.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. कामाला लागलो त्या दिवसांत एका वाड्यात घरमालकाची घाई होती, लग्न होतं घरात, आणि मी सोप्याच्या (पुढच्या पडवीच्या) भिंतीला सिमेंटचा गिलावा चालेल म्हणून मान डोलावली. लग्न झोकात झालं. तिसऱ्या पावसाळ्यानंतर फोन आला. गिलाव्याचा दाराएवढा पोपडा एकसंध खाली आला होता, आणि त्याच्या पाठीला विटांचा अर्धा इंच थर चिकटून आला होता. सिमेंट भिंतीपेक्षा घट्ट होतं, त्यामुळे सुटताना भिंतच घेऊन सुटलं. त्या मालकांनी मला कधी बोल लावला नाही. चहा दिला आणि तो पोपडा दाखवला. अजून आठवतो.

तेव्हा पहिलं उत्तर: त्या अंदाजपत्रकातली पहिली ओळ खोडा. ऑइलपेंटही नको. भिंतीवर आधीच ऑइलपेंट असेल (एका फोटोत माजघराचा खालचा पट्टा चकचकीत हिरवा दिसतोय, ते साठ-सत्तर सालचं फॅशन), तर तो खरवडून काढायला लागेल.

पण खरवडण्याआधी थांबा. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात भित्तिचित्रं आहेत, आणि त्या टापूतल्या बऱ्याच जुन्या घरांच्या भिंतींवर कधीकाळी काही ना काही रंगवलेलं असे. चुन्याचे हात वर्षानुवर्षं चढले की ती खाली दडतात. दिवाणखान्यात आणि देवघराच्या बाहेर दोन-तीन ठिकाणी पोस्टकार्डाएवढा चौकोन आखा आणि जाणत्या माणसाकडून धारदार पात्याने थर थर उलगडून बघा. काही नसेल तर नसो. असेल आणि मजुराने तारेचा ब्रश फिरवला, तर ते परत येत नाही.

आता दुसरी ओळ, स्लॅबची. तुमच्या वरच्या मजल्याची जमीन कशी आहे ते सांगतो, फोटोत छतावरून कळतं. खाली तुळया, त्यांवर आडव्या कड्या (बारीक वासे), कड्यांवर पाट (फळ्या), आणि पाटांवर वीतभर मातीचा थर. हाही काही हलका नाही, आणि मधल्या पिढ्यांनी त्यावर शहाबादी फरशी चढवली असेल तर अजून जड झाला असणार. फरक असा की हा सगळा भार खांब-तुळईच्या सांगाड्यावर उतरतो, आणि तो सांगाडा थोडा हलतो, थोडा वाकतो, सांध्यांत थोडं सोसतो. १९६७ चा कोयनेचा भूकंप तुमच्या वाड्याने अंगावर घेतला आहे, आणि त्यात तो टिकला तो या सोसण्यामुळे. तिथे पाच इंची स्लॅब टाकला तर चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर वजन झालं, आणि तेही ताठ. तो टेकवायला भिंतीत खाचे मारणार. म्हणजे जी भिंत नुसती खणांत, दोन खांबांमधल्या जागेत, भरलेली आहे तिच्या खांद्यावर तुम्ही पालखी देणार. किल्लारीला १९९३ मध्ये काय झालं ते आपल्या पिढीने पाहिलं आहे: दगडमातीच्या जाड भिंती आणि डोक्यावर जड माळवद (मातीचं सपाट छप्पर), यांनी झोपलेली माणसं घेतली. जुन्या घरात वर वजन वाढवायचं नसतं, कमी करायचं असतं. फरशी काढा, खालची दबलेली माती काढा, पाट तपासा, वर हलका थर द्या. तुळई आणि खांबाचे सांधे लोखंडी पट्ट्यांनी बांधून घ्या. एवढं केलं तर मजला पूर्वीपेक्षा बळकट होतो आणि खालून बघणाऱ्याला काही बदललेलं दिसत नाही.

वरची टाकी विसराच. दोन हजार लिटर म्हणजे दोन टन पाणी, तेही डोक्यावर, तेही गळण्याची शक्यता असलेलं.

आणि आता सहा खोल्यांना सहा न्हाण्या. ताई, खरं सांगायचं तर तुमच्या पत्रातली मला सगळ्यात भीतीची गोष्ट हीच वाटली. विक्रीपेक्षाही. सिमेंटचा गिलावा, थोडी वीट गेली तरी, उद्या काढता येतो. पण मातीच्या मजल्यावर, सागाच्या पाटांवर, सहा ठिकाणी रोज पाणी ओतायचं, त्याचे पाइप तुळयांच्या मधून फिरवायचे, आणि ते कधीच ठिबकणार नाहीत असं गृहीत धरायचं! नव्या इमारतीत वरच्या मजल्यावरच्या बाथरूमखाली खालच्यांच्या छताला डाग पडतो, तिथे काँक्रीट असतं. तुमच्याकडे लाकूड आहे. तिथे डाग पडत नाही, तिथे मजला पडतो.

वाडा बांधणाऱ्यांना हे कळत होतं. बघा ना, वाड्यात पाणी कुठे कुठे आहे? परसात आड. परसातच न्हाणीघर, त्याचं पाणी अळूला आणि केळींना. संडास त्याहून लांब. चौकात हौद असला तर तो उघड्यावर, दगडी, आणि त्याची मोरी थेट बाहेर. माजघर, देवघर, कोठीघर, दिवाणखाना, सगळं कोरडं. ओला संसार मागे आणि कोरडा संसार पुढे, अशी ती वाटणी होती. त्यात सोवळ्याओवळ्याचा भाग होता हे खरं, आणि रात्री-अपरात्री कंदील घेऊन परसात जाणाऱ्या बायकांना ती वाटणी किती सोयीची होती हा वेगळा विषय आहे. पण लाकूड-मातीच्या घराच्या बाजूने पाहिलं तर ती वाटणी बरोबर होती, आणि अजून आहे.

म्हणून माझा सल्ला सगळा या एका गोष्टीभोवती आहे: पाणी मागेच ठेवा. आणि तुमचं नशीब असं की मागची बाजू आधीच पडली आहे.

ती बाजू ‘होती तशी’ उभी करायच्या मागे लागू नका. पाहुण्यांना खरं वाटेल असं खोटं बांधण्यात पैसे जातात आणि ते कोणालाच फसवत नाही. तिथे स्वतःच्या पायावर उभं राहणारं, वाड्याला न टेकणारं, साधं नवं बांधकाम करा. दोन मजली, हलकं, वर कौलंच. वाडा आणि ते यांच्यात दोन बोटं फट ठेवा. दोघं भूकंपात वेगवेगळे हलतात. या नव्या भागात खाली स्वयंपाकघर आणि गॅस, सगळी बाथरूमं, पाण्याची टाकी, विजेचा मुख्य बोर्ड. आणि एक जिना. तुमचा जुना जिना भिंतीतला, अरुंद आणि उभा, त्यावर एका वेळी एकच माणूस चढू शकतो. पाहुणे वर झोपणार असतील तर आग लागली तर दुसरी वाट हवीच, आणि गुडघे दुखणाऱ्यांनाही ती हवी. वरच्या मजल्यावरून सज्जातून चार पावलं टाकली की नव्या भागातली न्हाणी. पाहुण्याला ती खोलीला जोडूनच वाटेल, आणि वाड्याच्या अंगावर पाण्याचा थेंब येणार नाही.

सहा खोल्या मात्र होणार नाहीत. वरच्या मजल्यावर माझ्या अंदाजाने तीन, फार तर चार. मुलाचा हिशेब यात कोसळेल, त्याला वाईट वाटेल, वाटू द्या. त्याने वाड्यावर होमस्टे बसवायचा घाट घातला आहे. जरा उलट बसून बघा: वाड्यात कोणत्या जागी काय आपोआप बसतं? सोपा पुढून उघडा, उजेडाचा. तिथे वाचनखोली चांगली होईल, गावातली मुलं अभ्यासाला येतील. वाई हे विश्वकोश मंडळाचं गाव आहे, प्राज्ञपाठशाळेचं गाव आहे, तिथे चार टेबलं आणि शांतता याला गिऱ्हाईक नाही असं होणार नाही. माजघर अंधारं आणि गार. घरातली जुनी भांडी, दप्तरं, फोटो तिथे ठेवा. पहिला चौक संध्याकाळच्या बैठकीला, गाण्याला, लहानशा समारंभाला भाड्याने देता येईल. माणसं जमवायची ती चौकात, दगडी फरसावर. वरच्या दिवाणखान्यात पन्नास माणसांची मैफल भरवायचा मोह कितीही झाला तरी भरवायची नाही. दहा-पंधरा जण बसले तर बसोत. आणि वाई-मेणवली भागात सिनेमा-मालिकांची चित्रीकरणं होतात हे तुम्हाला माहीत आहेच. त्याचं भाडं चांगलं येतं, मात्र करारात खिळा ठोकायचा नाही, रंग लावायचा नाही, दिव्यांची वीज त्यांच्या जनरेटरवरून, हे लिहून घ्या. एक दिवसाच्या चित्रीकरणात खांबाला मारलेले खिळे मी मोजले आहेत.

वापर बदलला म्हणजे वाड्याचा अपमान झाला असं नणंदबाईंना वाटत असेल तर त्यांना पुण्याचा विश्रामबागवाडा दाखवा. दुसऱ्या बाजीरावाने १८०७ च्या सुमारास राहायला बांधला. तो गेल्यावर १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. १८७९ च्या आगीत एक भाग जळला, तो पुन्हा उभा केला. मग नगरपालिकेची कचेरी आली, टपाल कार्यालय आलं. पेशव्याचा मुक्काम तिथे जेमतेम दशकभर, बाकी दोनशे वर्षं इतरांनीच तो वापरला, आणि वापरला म्हणून तो आहे. गोव्यात रेइश मागुशचा किल्ला १९९३ पर्यंत तुरुंग होता. दुरुस्त करून २०१२ मध्ये लोकांना खुला केला, आता आत व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची चित्रं लागली आहेत. तुमचा वाडा अकरा वर्षं बंद आहे हेच त्याचं मोठं दुखणं. रोज खिडकी उघडणारं, कोपऱ्यातली वाळवीची माती झाडणारं, गळका कौल सरकवणारं माणूस नाही.

म्हणजे, एक आहे. तुमचे किराणावाले. त्यांना काढल्याशिवाय काही करता येणार नाही असं कंत्राटदार म्हणाला असेल. भाडेनियंत्रण कायद्याचं (१९९९) त्यांना संरक्षण आहे हा भाग आहेच, पण त्याहीपलीकडे, तुमच्या पुढच्या सोप्याची बाजू बाकी वाड्यापेक्षा धड का आहे ते पाहा. त्यांनी रोज फळ्या उघडल्या म्हणून. त्यांच्याशी बसून बोला, दुरुस्तीच्या काळात दुकान चौकाच्या एका बाजूला हलवून द्या, लेखी द्या, पुन्हा ओट्यावर आणा. होमस्टेतल्या पाहुण्याला सकाळी दूध आणि उदबत्ती कुठे मिळते हे सांगायला दारातच माणूस असणं याची किंमत वेगळी.

चुन्याबद्दल थोडं, कारण तुम्हाला ‘आता चुना कुठे मिळतो, कोण करतो’ हे ऐकवलं जाईल. मिळतो, करणारेही आहेत, शोधावे लागतात. कळीचा चुना पाण्यात विरवायचा आणि निदान काही आठवडे मुरू द्यायचा. घाईने मिसळलेला कच्चा कण मागाहून भिंतीत फुगतो आणि गिलाव्याला फोड येतात. मग वाळू आणि विटांची सुरखी (भुकटी) घालून चुन्याच्या घाणीत, दगडी चाकाखाली, मळायचा. आता घाणीला बैल नसतो, मोटर असते, चालतं. गूळ, हिरड्याचं पाणी, बेलफळाचा गर, ही नावं कानावर येतील. त्यांचा उपयोग आहे, पण अंदाजपत्रकात गूळ लिहून बाकी पोत्यातला सिमेंट मिसळणारेही भेटतात, तेव्हा नावांवर जाऊ नका. ढिगाशेजारी सिमेंटची रिकामी पोती आहेत का ते बघा. चुना हवेतला कर्बवायू घेत घेत दगड होतो, त्याला वेळ लागतो, आणि तोवर भिंत ओली ठेवावी लागते. म्हणून चुन्याचं काम एप्रिलच्या उन्हात नको, भर पावसात नको. दसऱ्यानंतर सुरू करा.

तोवर काय? तोवर पाणी.

या उन्हाळ्यात एवढंच करा, आणि याला फार पैसे लागत नाहीत. कौलं चाळून घ्या, फुटकी बदला, आढ्यापाशी आणि दोन छपरं मिळतात तिथल्या पन्हळी साफ करून बदला. नव्वद टक्के गळती, मी आयुष्यभर पाहतो आहे, मधल्या कौलांतून नसते, पन्हळीतून असते. (हा आकडा माझ्या बोटांवरचा आहे, कोणी अहवालात घालू नये.) चौकाची मोरी शोधा. फोटोत चौकात सिमेंटची लादी दिसते, तिच्याखाली जुनी दगडी मोरी असणार आणि ती बुजवली असणार. लादी उखडा, मोरी बाहेरपर्यंत मोकळी करा. रस्त्याच्या बाजूने भिंतीला लागून खणून बारीक दगडांचा चर करा, म्हणजे पाणी जोत्याशी साचण्याऐवजी चरातून पुढे जाईल. तो चर रस्त्याच्या हद्दीत येत असेल तर नगरपालिकेला अर्ज करून. आणि मागच्या भिंतीत पिंपळाचं रोप आलंय ते उपटू नका. उपटलं तर मूळ दहा विटा घेऊन येतं, तोडलं तर महिन्यात फुटतं. बुंध्याशी कापून, खोडात भोकं पाडून त्यात औषध घालून आधी मारायचं, वाळलं की सोडवायचं आणि फट चुन्याने भरायची.

मग एक पावसाळा नुसता बघा. मला माहीत आहे, हे कोणालाच आवडत नाही. पण जून ते सप्टेंबर महिन्यातून दोनदा वाईला जा, टॉर्च आणि खडू घेऊन. प्रत्येक भिंतीवर ओल जिथपर्यंत आली तिथे रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. भेगा असतील त्यांच्यावर आरपार काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना चिकटवून ठेवा. पट्टी तडकली तर भेग जिवंत आहे, तशीच राहिली तर ती जुनी आणि निजलेली आहे. स्क्रूड्रायव्हर घेऊन तुळयांच्या भिंतीतल्या टोकांना टोचून बघा. चांगल्या सागात तो शिरत नाही; कुजक्यात पोळीत बोट जावं तसा जातो. ऑक्टोबरमध्ये तुमच्या हातात कोणत्याही तज्ज्ञाच्या अहवालापेक्षा मोलाचा नकाशा असेल. तो घेऊन संवर्धनाचं काम जाणणाऱ्या वास्तुरचनाकाराकडे आणि लाकडी सांगाडा कळणाऱ्या अभियंत्याकडे जा. काँक्रीट ठोकून ताकद मोजायचं यंत्र घेऊन जो मातीच्या भिंतीपाशी उभा राहील त्याला चहा देऊन निरोप द्या. तसल्या तपासणीतून ‘धोकादायक’ असा शिक्का मारून घेणं फार सोपं असतं, आणि एकदा तो बसला की पुढचं पाडकाम कुणाच्या सोयीचं होतं ते तुम्हाला सांगायला नको.

काम ठोक देऊ नका. जुन्या घरात गिलावा काढल्याशिवाय मागे काय आहे ते देवालाही कळत नाही, तेव्हा ठोक घेणारा एकतर भरमसाट लावतो किंवा लपवतो. मोजमापावर द्या, एका वेळी एक खण. आणि ठरवलेल्या रकमेच्या चौथाईइतकी रक्कम वेगळी बांधून ठेवा. लागेलच.

कागदांचं. मी वकील नाही, पण वाडे भिंतींपेक्षा जास्त कागदांत पडलेले पाहिले आहेत. मालमत्तापत्रकावर अजून मामंजींचंच नाव असेल तर आधी सगळ्या वारसांची नोंद. मग जो पैसे घालणार त्याचा हक्क लेखी. धाकट्या दिरांना विकायचंच असेल तर त्यांचा हिस्सा तुम्ही घ्या आणि हक्कसोडपत्र किंवा खरेदीखत नोंदवा; नाहीतर सगळ्यांनी मिळून तुम्हाला पंधरा-वीस वर्षांचा नोंदणीकृत भाडेपट्टा द्यावा. न्यू जर्सीच्या पुतण्याचं ‘काकू, तुम्ही ठरवाल ते’ प्रेमाचं आहे, पण तो उद्या पन्नाशीचा होईल आणि त्याची मुलं विचारतील. त्याच्याकडून न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित केलेलं कुलमुखत्यारपत्र मागवा. हे होईपर्यंत छपराच्या वर एक रुपयाही घालू नका. आणि झालं नाही तर? तर छप्पर आणि मोरी करून थांबा. दुरुस्त छपराचा वाडा विकायचा झाला तरी तो वाडा म्हणून विकला जाण्याची थोडी आशा राहते.

नगरपालिकेत दोन गोष्टी विचारा: वाडा वारसा यादीत आहे का, आणि आसपास केंद्र सरकारची संरक्षित वास्तू आहे का. अशा वास्तूपासून १०० मीटरच्या आत नव्या बांधकामाला बंदी असते आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते, तुमच्या मागच्या नव्या भागाचा सगळा बेत त्यावर आहे. होमस्टे सुरू कराल तेव्हा पर्यटन विभागाच्या निवास व न्याहारी योजनेत नोंदणी करून घ्या.

राहिला खांबांचा गिऱ्हाईक. त्याला फोन करू नका, त्याचा आला तर घेऊ नका. सुरूचा खांब, त्याखालचा दगडी तळखडा, वरचे हस्त आणि तुळई, हे एकमेकांवर नुसते ठेवलेले असतात; एक काढला तर बाकीचे कुणाच्या भरवशावर उभे राहणार? तो त्यांना कुठल्यातरी रिसॉर्टच्या काँक्रीटच्या खांबांना पुढून चिकटवणार. उलट पडलेल्या बाजूचं सगळं लाकूड आजच उचला, मजूर सरपणाला नेण्याआधी. प्रत्येक तुकड्यावर आकडा घाला, जमिनीपासून वीतभर उंच, विटांवर, छपराखाली रचा, मध्ये हवा खेळू द्या. कुजलेल्या तुळईचं टोक कापून तिथे सांधायला त्याच वयाचं, त्याच वाड्याचं, वाळून पक्कं झालेलं सागवान तुम्हाला दुसरीकडे मिळणार नाही. चांगला सुतार सांधा असा मारतो की हात फिरवला तरच कळतं.

दिंडीच्या पायऱ्या शेवटी. चर झाला की त्या पायऱ्यांपुढची हातभर माती मोकळी करून बघा, खाली दगड शाबूत असेल. सापडला तर फोटो पाठवा.

आणि पावसाळ्यात रेघा मारायला खडू निळा घ्या. पांढरा चुन्यावर दिसत नाही.